काजवालीचं दूध

शर्टांच्या त्या कारखान्यात बायकांना नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. शर्टाचा जो तुकडा जिच्या मशीनवर, तेच तिचं नाव. कॉलरवाली, बाहीवाली, खिसेवाली. काम सोडून गेलेली बाई दोन वर्षांनी रस्त्यात दिसली तरी ‘अय्या, ही तर आपली कफवाली!’ अशीच ओळख पटायची. ही गोष्ट काजवालीची आहे. बटणं ज्यात अडकतात ती काजं करायचं काम तिचं. शर्ट सगळ्यांच्या हाताखालून जायचा आणि अगदी शेवटी तिच्या मशीनवर यायचा. मशीन आधी दोन्ही अंगांनी दाट टाके घालायचं, मग मधोमध खटकन पातं पडायचं. शिवण चुकली तर उसवता येते. काज चुकलं की शर्ट गेला. म्हणून या जागेवर थंड डोक्याची बाई हवी, असं सगळे म्हणायचे, आणि तिथं बसवलं होतं हिला, जिचा पाय मशीन बंद असतानाही हलत असायचा.

चुळबुळी होती ती, पहिल्यापासून. जेवता जेवता उठायची, बोलता बोलता समोरच्याचं सैल बटण चाचपायची. नवरा पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्याशी धड दोन शब्द बोलायच्या आधी तिनं त्याच्या बाहीचं लोंबणारं बटण तोडून पुन्हा पक्कं लावून दिलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मित्रांना सांगायचा, “माझी लिफ्ट एखाद्या मजल्यावर थांबते तरी. बायको थांबत नाही.”

ती थांबली एकदाच. पोटात मूल असताना दवाखान्यात रक्त तपासलं आणि नंतर तिला एकटीला आतल्या खोलीत बोलावलं. तिथं टेबलापलीकडे समुपदेशक ताई बसल्या होत्या, वयानं तिच्याहून लहान, आवाज मात्र मोठ्या बहिणीचा. एचआयव्ही हा शब्द काजवालीनं भिंतीवरच्या पोस्टरांत वाचलेला होता. आपल्या रक्तात तो असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ताई बोलत राहिल्या आणि काजवालीचा पाय, हात, पापणी, काहीसुद्धा हललं नाही.

नवऱ्याचंही रक्त तपासलं. त्याच्यातही होतं. कुणाकडून कुणाला आलं यावर दोघं एकदाच भांडले, आणि ते भांडणही अर्ध्यावर सोडलं, कारण त्याचं उत्तर सापडलं असतं तरी गोळी दोघांना तीच घ्यायची होती. गोळ्यांची बाटली तिनं घरी बटणांच्या डब्यात ठेवली. हजार बटणांत एक बाटली कोण शोधणार?

मुलाचं काय, हे तिनं ताईंना पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ताईंनी सांगितलं ते तिला पाठ झालं. गोळी एकही दिवस चुकवायची नाही. बाळ जन्मलं की त्यालाही औषध द्यायचं, थेंब मोजून. पाजायचं, जरूर पाजायचं, पण पहिले सहा महिने फक्त आणि फक्त आईचं दूध. वरचं दूध नाही, दुसऱ्या बाईचं नाही, पाणी नाही, चाटण नाही.

“पाण्याचा एक थेंबसुद्धा नाही?” तिनं विचारलं होतं.

“नाही. बाळाचं आतडं आतून फार नाजूक असतं. वरचं काही गेलं की त्याला इजा होते, आणि विषाणूला आत शिरायला तेवढीच वाट मिळते. एक तर नुसतं आईचं, नाही तर नुसतं वरचं. दोन्हीची सरमिसळ सगळ्यात वाईट.”

काजवालीला ते अस्तरासारखं कळलं. कोटाचं अस्तर विरलं की बाहेरून काही दिसत नाही, पण आतलं सगळं सैल होत जातं.

मुलगा झाला. डोक्यावर केसाचा पत्ता नाही, म्हणून नाव पडलं टकलू. ताईंनी शिकवल्याप्रमाणे ती त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला औषधाचे थेंब सोडायची आणि तो आंबट तोंड करून तिच्याकडे बघायचा. पहिली तपासणी चांगली आली. पुढच्या व्हायच्या होत्या, दूध सुटल्यावरही एक व्हायची होती. तिच्या स्वतःच्या रक्तात विषाणू इतका कमी झाला होता की तपासणीत दिसेना. “दिसत नाही म्हणजे धोका खूप कमी,” ताई म्हणाल्या. “पण अजिबात नाहीच असं समजून चालायचं नाही हं.” त्या ‘पण’ला टांगून काजवालीनं आपले दिवस काढायला सुरुवात केली.

आणि टकलूला घेऊन ती कामावर परतली.

कारखान्यात कापड कापायचं एक लांबलचक टेबल होतं. त्याच्या खालच्या जागेला जाळी लावून तिथं मुलं ठेवत. कात्रणांच्या गाद्या, कात्रणांची दुपटी. ज्या ताग्याचे शर्ट चालू असतील त्याच ताग्याचं उरलंसुरलं मुलांच्या अंगावर, त्यामुळे कधी सगळी पोरं निळी, तर कधी सगळी चौकड्याची. त्यांच्यावर लक्ष ठेवायची मावशी. ती खरं तर धागे कापायची. हातात छोटी कात्री आणि तोंडाचा पट्टा, दोन्ही दिवसभर चालू.

आणि या टेबलाखालच्या जगाची एक जुनी रीत होती. ज्या बाईचा हात रिकामा, तिनं रडणारं मूल पाजायचं. मग ते कुणाचंही असो. सकाळी नवे गठ्ठे आले की कॉलरवालीला मान वर करायला सवड नसे, आणि काजवाली शर्ट यायची वाट बघत बसलेली. दुपार कलली की उलटं. तेव्हा सकाळी कॉलरवालीचं मूल काजवालीनं घ्यायचं आणि संध्याकाळी काजवालीचं कॉलरवालीनं. कॉलरवालीचा थोरला मुलगा असाच आधीच्या काजवालीच्या दुधावर वाढला होता. आता तिला मुलगी झाली होती, गोल गरगरीत, काळ्याभोर केसांची. तिला सगळ्या भोपळी म्हणत.

पहिल्याच सकाळी मावशीनं भोपळीला आणून काजवालीच्या पुढ्यात धरलं.

“मला नाही जमणार,” काजवाली म्हणाली.

“का गं? हात मोडलेत?”

“दूध कमी येतं मला. टकलूलाच पुरत नाही.”

हे म्हणताना तिच्या छातीवर ओल उमटली होती. शेजारचं मूल रडलं की आईच्या अंगाला आपलं-परकं कळत नाही. मावशीच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनं भोपळीला उचललं आणि बाहीवालीकडं नेलं.

मग सुरू झालं. “सगळ्या गावाच्या शर्टांना काजं करते, स्वतःचं बटण काही उघडत नाही!” खिसेवाली म्हणाली आणि सगळ्या हसल्या. कॉलरवाली हसली नाही. तिला लागलं होतं. काजवाली पोटुशी असताना हिचे जड गठ्ठे तिनंच उचलले होते, डोहाळे लागले तेव्हा स्वतःच्या डब्यातली लोणच्याची फोड हिच्या ताटात टाकली होती. संध्याकाळी तिनं टकलूला घ्यायला हात पुढं केला तेव्हा काजवाली घाईनं म्हणाली, “नको नको, मीच पाजते.”

“म्हणजे द्यायचं पण नाही आणि घ्यायचं पण नाही?” कॉलरवाली म्हणाली. “कंजूष तर आहेसच, वर गर्विष्ठ पण.”

काजवालीनं मान खाली घातली. मशीनखाली तिचा पाय थरथरत होता. सांगितलं तर काय होईल हे तिला माहीत होतं. तिच्या ग्लासातलं पाणी कुणी पिणार नाही, टकलूला त्या टेबलाखाली कुणी ठेवू देणार नाही, आणि तो तिथं नसेल तर दिवसाचे आठ तास तो कुठे राहील, काय पिईल? वरचं दूध. म्हणजे सरमिसळ. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. त्यापेक्षा कंजूष बरी. मावशी पाण्याचा चमचा घेऊन टकलूजवळ वाकली की ही मशीन सोडून धावायची. “डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय, मावशी.” मावशी नाक मुरडायची. “तुझे डॉक्टर तुला श्वास घ्यायचा तरी सांगतात का गं?”

असे दिवस गेले. मग एका सकाळी वीज गेली.

कारखान्याला खिडक्या नव्हत्या. एकाएकी काळोख झाला, मशीनं थंडावली, आणि टेबलाखाली एक मूल रडायला लागलं. “तुझा उठलाय गं,” मावशीचा आवाज आला, आणि काजवालीच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं ऊबदार ओझं आलं. डोक्यावर टकलूची कात्रणांची टोपी. तिनं चाचपून त्याला छातीशी धरलं. मूल तुटून पडल्यासारखं प्यायला लागलं.

टकलू असा पीत नसे. तो थांबून थांबून, मध्येच काही आठवल्यासारखा पिई. भूक लागली असेल, तिला वाटलं. बायका अंधारात गप्पा मारत होत्या, कुणीतरी जांभई देत होतं. बऱ्याच दिवसांनी तिचा पाय शांत होता. आणि तेवढ्यात समोरून, टेबलाखालून, टकलू शिंकला.

आईला आपल्या मुलाची शिंक कळते. तिच्या हाताला टोपी लागली, टोपीखालचे दाट केस लागले. तिनं मूल ओढून बाजूला केलं तसं ते किंचाळलं. वीज आली. मांडीवर भोपळी होती, ओठांवर दूध.

मावशी टाळ्या पिटत होती. “पाजलंस की नाही? आटलं का काही? टोपी मीच घातली होती तिला! म्हटलं, एकदा अंगावर घेतलं की बाईचा सगळा ताठा उतरतो.”

सगळ्या हसत होत्या. या खेपेला हसण्यात बोच नव्हती. कॉलरवाली उठून आली, तिचे डोळे भरले होते. भोपळीला खांद्यावर घेत ती म्हणाली, “झालं गेलं विसर. मी पण उगीच तोंड सोडलं तुझ्यावर.” आणि दुपारी तिनं आपला डबा उघडून काजवालीसमोर सरकवला, पूर्वीसारखा. इतके दिवस जे परत मिळावं म्हणून काजवाली झुरत होती ते सगळं समोर होतं, आणि ती हातातला घास नुसता चुरत बसली.

दुपारी तिनं एक अख्खा गठ्ठा बिघडवला. पुरुषी शर्टाची काजं डाव्या पट्टीवर असतात. तिनं ती उजव्या पट्टीवर केली, एकामागून एक, खट, खट, खट, आणि शेवटच्या शर्टापर्यंत तिच्या लक्षात आलं नाही. कामावर देखरेख करणारा मास्तर ओरडत आला. “डोळे कुठं आहेत तुझे?” कॉलरवालीच मध्ये पडली. “जाऊ द्या हो मास्तर. माझ्या पोरीनं हिला पिळून काढलंय आज, डोकं कुठून जागेवर राहणार?”

काजवाली जिन्यात गेली आणि तिनं ताईंना फोन लावला.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. “घाबरू नका. तुमच्या गोळ्या नियमित आहेत, स्तनाला चीर नाही, जखम नाही. एका वेळच्या पाजण्यात धोका अगदी थोडा आहे.”

“म्हणजे काही करायला नको ना?”

“ते मी नाही ठरवायचं. बाळाला डॉक्टरांना दाखवायला हवं. औषध द्यायचं ठरलं तर ते लवकर सुरू व्हायला लागतं, दोन-तीन दिवसांच्या आत. उद्याच आणा.”

“तिच्या आईला काय सांगून आणू?”

“तुमचं नाव माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही,” ताई म्हणाल्या. “पण आपल्या बाळाला औषध कशासाठी देताहेत, हे त्या आईला कळायलाच हवं.”

तिनं आधी खोटं बोलून पाहिलं. संध्याकाळी निघताना कॉलरवालीला म्हणाली, “उद्या सकाळी दवाखान्यात येतेस? लहान मुलांना तपासतात तिथं, फुकट.”

“चांगली आहे की माझी भोपळी! तपासायचं काय तिचं, वजन? तराजू मोडेल.” कॉलरवाली हसली. “पुढच्या आठवड्यात बघू.”

घरी नवऱ्यानं ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला. “तू गप्प बसायचं. तपासणीत दिसतच नाही म्हणालेत ना?”

“दिसत नाही. नाही असं नाही म्हणाले.”

“उद्या ती सगळ्यांना सांगेल. परवा तुझं काम जाईल. तेरवा माझ्या कंपनीत कळेल. टकलूला घेऊन बसायचं कुठं?”

ती खोलीत येरझाऱ्या घालत होती. दारापासून खिडकी, खिडकीपासून दार. “तुमच्या लिफ्टची दोरी थोडीशी विरलीय,” ती म्हणाली, “आणि आत दुसऱ्याचं मूल आहे. तुम्ही काय करता?”

“दोन्हीत फरक आहे.”

“काय फरक आहे, तेवढं सांगा.”

त्यानं पाना उचलून पुसायला घेतला. मग म्हणाला, “निदान बस तरी एका जागी.” ती बसली, आणि लगेच उठली.

सकाळी ती लवकर गेली. कारखान्याच्या मागं कात्रणांची पोती रचलेली असत. कॉलरवाली भोपळीला कडेवर घेऊन आली तसं काजवालीनं तिला तिकडे ओढलं.

“काय गं? मास्तरची नक्कल करून दाखवतेस?”

“मला एचआयव्ही आहे,” काजवाली म्हणाली.

कॉलरवाली हसलीच आधी. “चल, काहीतरीच. सकाळी सकाळी?” मग तिनं हिचा चेहरा पाहिला. आणि भोपळीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, काजवालीपासून लांबच्या. काजवालीनं ते पाहिलं आणि पुढचं सगळं, गोळ्या, धोका थोडा असणं, औषध लवकर लागणं, एका दमात सांगून टाकलं, धागा तुटायच्या आत शिवण संपवावी तसं.

“किती प्यायली ती?”

“माहीत नाही. अंधार होता.”

“काल मला का नाही सांगितलंस? काल मी तुझ्यापुढं डबा सरकवला, तेव्हा का नाही?”

“काल भीती वाटली.”

“आणि आज?”

“आज पण वाटतेय.”

कॉलरवाली पोत्यावर बसली. भोपळीनं तिची वेणी तोंडात घातली होती, ती तिनं हळूच सोडवली. “चल,” ती म्हणाली. “कुठं आहे तुझा दवाखाना?”

रस्ताभर ती चार पावलं पुढं चालत होती. रस्ता तिला माहीत नव्हता, तरी पुढंच. वळण आलं की नुसती थांबायची. काजवाली मागून म्हणायची, “डावीकडं,” की पुन्हा चालायला लागायची. दोघींच्या कडेवरची मुलं मात्र खांद्यावरून एकमेकांकडं बघत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी भोपळीला तपासलं, रक्ताचा थेंब घेतला, काजवालीची जुनी तपासणी पाहिली. “धोका फार थोडा आहे,” त्या कॉलरवालीला म्हणाल्या. “पण थोडा आहे म्हणून सोडून देणार नाही मी. औषध सुरू करू. तुमचं दूध चालू ठेवा, फक्त तुमचंच. तपासणीला पुन्हा आणा, आणि नंतर आणखी एकदा.”

“आणि ते चांगलं येईपर्यंत?”

“येईपर्यंत वाट बघायची.”

बाहेरच्या बाकावर कॉलरवालीनं औषधाचा पहिला डोस द्यायचा प्रयत्न केला. भोपळीनं तो फुर्रकन बाहेर काढला. पुढचा थेंब कॉलरवालीच्या हातून हनुवटीवरच सांडला. रोज शेकडो कॉलरींची टोकं अचूक वळवणारा हात तो.

“जिभेवर नको,” काजवाली म्हणाली. “गालाच्या आतल्या बाजूला. सावकाश.” तिनं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. कॉलरवालीनं त्या थांबलेल्या हाताकडं पाहिलं. मग ती स्वतःच गालाच्या आतल्या बाजूला थेंब सोडायला लागली. भोपळीनं आंबट तोंड केलं आणि गिळलं.

“इतके दिवस नाही म्हणत होतीस ते याच्यासाठी?” बाटलीचं झाकण लावत कॉलरवालीनं विचारलं.

“हो.”

“आणि मी तुला सगळ्यांसमोर कंजूष म्हटलं.”

“गर्विष्ठ पण.”

कॉलरवालीच्या ओठाचा कोपरा हलला, हसण्यासाठी की रडण्यासाठी कळलं नाही. “मी तुला माफ केलंय असं समजू नकोस,” ती म्हणाली. “हिची तपासणी येऊ दे. तोवर माझ्याशी बोलू नकोस.”

दुसऱ्या सकाळी काजवाली कारखान्यात शिरली तेव्हा आत सगळ्यांना कळलेलं असणार, अशा तयारीनंच शिरली. पिशवीत तिनं आपली कात्री, उशी, गोळीच्या वेळेसाठी ठेवलेलं छोटं घड्याळ, सगळं एका बाजूला ठेवलं होतं, म्हणजे निघताना शोधाशोध नको. बाहीवाली म्हणाली, “काल दोघीच कुठं गेलेलात गं?” एवढंच. मशीनं सुरू झाली. नवे गठ्ठे आले, कॉलरवालीपुढं ढीग लागला, काजवालीचं टेबल रिकामं. आणि टेबलाखाली भोपळी रडायला लागली.

मावशीनं तिला उचललं. चेहऱ्यावर परवाच्या विजयाची कळा. सरळ काजवालीपुढं येऊन तिनं मूल पुढं धरलं. “घे. आता काही बोलू नकोस.”

काजवालीनं हात मागं घेतले. तोंड उघडलं, पण दूध कमी येतं, हे आता कोण ऐकणार होतं?

पलीकडे एक मशीन थांबलं. सकाळच्या गर्दीत जे मशीन कधीच थांबत नसे ते. कॉलरवाली उठली, ढीग तसाच टाकून आली आणि तिनं मावशीच्या हातातून मुलगी घेतली.

“हिला दुसऱ्या कुणाचं दूध द्यायचं नाही आता,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलंय. माझंच.”

“अगं बाई!” मावशीनं कपाळाला हात लावला. “आता तुला पण डॉक्टर चावला?”

“एक कंजूष होती, दोन झाल्या!” खिसेवाली ओरडली आणि हशा पिकला. मास्तर लांबून खेकसला, कॉलरी कुठं आहेत म्हणून.

कॉलरवालीनं मुलीला खांद्यावर टाकलं. काजवालीकडं बघितलंही नाही. ताग्यांच्या आडोशाला, तिच्याकडं पाठ करून ती पाजायला बसली. काजवालीनं पिशवीतली कात्री काढून परत टेबलावर ठेवली. तपासणी यायला अजून अवकाश होता. मशीनखाली तिचा पाय हलायला लागला.